एकतीस नंबर

अश्विनीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका म्हाताऱ्या बाईचा दंड होता. शीर सापडत नव्हती, पट्टा आवळलेला, सुईचं टोपण काढलेलं, आणि टेबलावरचा फोन थरथरत कडेकडे सरकत चाललेला. मी तो घेतला नाही. रक्त काढताना फोन घ्यायचा नाही, हा माझ्या नारायणगावच्या लॅबमधला जुना नियम आहे. नळी भरली, कापूस दाबून धरायला सांगितला, नळीवर नाव लिहिलं आणि मग फोन लावला. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. पुढचं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. पेजेचा घोट श्वासनलिकेत गेला, छाती भरली, चार दिवस मंचरला दवाखान्यात होते... मी फोन ठेवला. बाकावर दोघं उपाशीपोटी येऊन बसले होते, त्यांचं रक्त काढलं आणि मग शटर ओढलं.

किसन गुरुजींची वाडी तळेघरच्या पुढं, डांबर संपतं तिथून पाऊण तासाच्या चालीवर आहे. मी पोचलो तेव्हा सरण रचून झालं होतं. शाळेतली जुनी पोरं आली होती, त्यांतली काही आता बापे झालेली. माझ्या मागं उभे असलेले दोघं हळू आवाजात बोलत होते. "गुरुजी मानूस लाख व्हता. पन बाटलीनं खाल्लं, राव." दुसऱ्यानं नुसतं "व्हय" म्हटलं. मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. या माणसानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर घेतला नव्हता आणि तो झोकांड्या का खातो हे मला त्याचा पाय पहिल्यांदा घसरायच्या दहा-अकरा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. तरी त्याच्या सरणापाशी मी गप्प उभा राहिलो. गप्प राहायची सवयच लागली होती म्हणा, किंवा भित्रेपणा म्हणा. या गोष्टीला आता महिना-सव्वा महिना झाला. हे लिहितोय ते अश्विनीला, म्हणजे त्याच्या मुलीला, विचारून. "लिहा काका," ती म्हणाली, "आता लपवून कुणाचं काय वाचणार आहे?" नावं तेवढी बदलली आहेत.

किसन पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. वाडीजवळच्याच शाळेवर शिक्षक. सोबत चुलतभाऊ रामा, वय चाळीसच्या आत, पण चालताना भिंत धरणारा, आणि बोलणं तोंडात घोळल्यासारखं. मी मनातल्या मनात त्याला बाटलीच्या खात्यात टाकलं. गुरुजींनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "भाऊ, ह्यो पीत न्हाई. ह्याचा बाप, धोंडूकाका, त्योबी असाच पडतो, आन् आमचा आजाबी असाच पडून पडून गेला. सगळ्यांना दारुडं म्हनत्यात. तुमी रगत बघून सांगा काय ते." मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या केल्या. साखर बरोबर, लिव्हर बरोबर, सगळं बरोबर. रिपोर्ट हातात दिला तेव्हा त्यानं तो दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "सगळं बराबर हाय, मंग ह्यो पडतो का?" मला उत्तर येत नव्हतं. मला उत्तर येत नसलं की राग येतो. त्या रागातच मी पुण्यात शिकतानाच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, त्यानं आणखी कुणाला केला, आणि दोन-तीन महिन्यांनी एका संशोधन संस्थेतल्या मॅडम जीपमधून उतरून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

मॅडमचं काम थोडक्यात असं होतं. एखादा आजार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल तर त्याचं मूळ कुठल्या जनुकात आहे ते शोधायचं, आणि त्यासाठी आधी त्या घराण्याचा संपूर्ण वेल कागदावर पाहिजे, मग जिवंत असलेल्या सगळ्यांचं रक्त पाहिजे, आजाऱ्यांचं आणि धडधाकटांचंही. वेल काढायचं काम किसननं अंगावर घेतलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजारी असेल तर आत काळं भरायचं. सुट्टीच्या दिवशी हा माणूस खांद्याला पिशवी लावून डोंगर तुडवायचा, या वाडीतून त्या वाडीत. आमच्याकडे लग्नात बायकांचं नाव बदलतं, त्यामुळे एकच बाई माहेरच्या नावानं एका फांदीवर आणि सासरच्या नावानं दुसऱ्या फांदीवर अशी दोनदा बसायची. तो प्रत्येक म्हातारीला विचारायचा, लहानपणी तुला काय हाक मारायचे? म्हाताऱ्या लाजायच्या आणि मग सांगायच्या. आणखी एक त्याचा हट्ट होता. ऐकीव गोष्टीवर तो कुणालाही काळं भरत नसे. तोवर चौकोन नुसता पेन्सिलीचा. आधी त्या माणसाला भातखाचराच्या बांधावर न्यायचा आणि एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत चालायला सांगायचा. पाय बांधावरून गेला की संध्याकाळी घरी येऊन शाईनं चौकोन भरायचा. मॅडमनी ते बघितलं आणि त्या हसल्या. मेंदूचे डॉक्टर दवाखान्यातल्या फरशीवर नेमकी हीच परीक्षा घेतात, म्हणाल्या.

रक्त द्यायला लोक सहज तयार झाले नाहीत. काढलेलं रक्त पुण्यात विकतात इथपासून ते त्यावर करणी करतात इथपर्यंत बोलणी झाली. तेव्हा देवळापुढच्या ओट्यावर किसननं सगळ्यांना बसवून जे सांगितलं ते मी त्यानंतर कित्येक शिकलेल्यांना जसंच्या तसं सांगितलंय. "आज्याची जमीन पोरांत वाटली जाती," तो म्हणाला, "मंग नातवांत. दर वाटनीला तुकडं पडत्यात. त्या जमिनीत कुटंतरी इखारी झरा हाये. त्यो दिसत न्हाई. पन बांधावरचं खुनंचं दगड दिसत्यात. आता जी मानसं झोकांड्या खात्यात, त्या समद्यांच्या वाटनीत एकच दगड आला आसंल, तर झरा त्या दगडाच्या शेजारीच सापडनार. मॅडम दगड बघनार हायेत, दुसरं काय न्हाई." मग कुणीतरी विचारलं, आमाला व्हईल का? तो म्हणाला, "ज्याच्या वाट्याला त्यो तुकडा आलाच न्हाई, त्याच्या पोरांना कुटनं येनार? आमचं दादाच बघा. पंच्याहत्तरीला आलं, बांधावरून पळत जात्यात. त्यांच्या वाटनीत न्हाई. मंजे आमच्या घराला भ्या न्हाई." दादा म्हणजे त्याचे वडील भागाजी, धोंडूचे थोरले भाऊ. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण वाडीनं ते चांगलंच ध्यानात ठेवलं.

पन्नासच्या वर नळ्या भरल्या आम्ही. मी सुई लावायचो, किसन नंबर सांगायचा, मी तो नळीवर लिहायचो. नावं फक्त त्याच्या वहीत. बर्फाचा डबा डोक्यावर घेऊन आम्ही आळीपाळीनं डोंगर उतरायचो आणि वाटेत तो मला पाढे म्हटल्यासारखी नाती म्हणून दाखवायचा. मी एकलकोंडा माणूस, मैत्री करायच्या भानगडीत फारसा पडलो नाही. पण त्या चार-पाच महिन्यांत हा माणूस मला भावासारखा झाला, हे कबूल करतो.

पुढं मॅडमचा फोन आला. एक नळी अदलाबदल झाली असावी, एकतीस नंबरची. त्या चौकोनाच्या आईबापांशी त्यातलं रक्त जुळत नाही, कॉम्प्युटर तिथंच अडतो, पुढचं गणितच करत नाही. धोंडूच्या घरातल्या कुणाच्या तरी रक्तावर चुकून एकतीसचा आकडा पडला असावा, असं दिसतंय. काही हरकत नाही, म्हणाल्या, एवढ्या नळ्यांमध्ये असं होतं, आम्ही तो नंबर सोडून देतो. मला हे सहन झालं नाही. वीस वर्षं मी या धंद्यात होतो आणि माझ्या हातून नळी बदलली असं कुणी म्हटलं नव्हतं. मी मॅडमना सांगितलं, सोडायचं नाही, मी परत रक्त काढून पाठवतो. त्या नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. गाडी काढली आणि थेट शाळेत जाऊन किसनला मधल्या सुट्टीत गाठलं. "एकतीस नंबर कोण आहे? मला आत्ताच्या आत्ता त्याचं रक्त पाहिजे."

त्यानं वही काढली, पानावरून बोट फिरवलं आणि हसायला लागला. "भाऊ, एकतीस नंबर मीच हाय," म्हणाला आणि शर्टाची बाही वर सरकवली. वऱ्हांड्यात पोरं भोवती जमली होती. त्यांना तो म्हणाला, बघा रं, मास्तरबी सुईला भीत न्हाईत. मी नळीवर आकडा चांगला ठसठशीत लिहिला आणि ती कुणाकडे न देता स्वतः एसटीनं पुण्याला पोचवली.

निकाल आला तेव्हा मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या की तुमची चूक नव्हती, नळी बरोबर होती. मग म्हणाल्या, तरी आम्ही तो नंबर वगळतोय, त्याच्यावाचून काम होतंय, तुम्ही आता हा विषय सोडून द्या. मी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं ऐकलंच नाही. शनिवारी किसन बाजाराला आला तेव्हा मी पेढे आणून ठेवले होते. खरंच पेढे. त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, बघ, पुण्याच्या लोकांनी मान्य केलं, माझी चूक नव्हती. तो पेढा त्यानं तोंडात घातला नाही.

"नळी बराबर व्हती?" त्यानं विचारलं.

"शंभर टक्के."

"मंजे रगत माझंच." मग हातातल्या पेढ्याकडे बघत, "आन् आईबापाशी जुळत न्हाई..."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. इतक्या उशिरा. पेढ्यांचा पुडा टेबलावर उघडा पडला होता आणि मला तो कुठं लपवू असं झालं. किसननं रुमाल काढून त्यात हातातला पेढा बांधला, अश्विनीसाठी. ती तेव्हा चार वर्षांची होती.

तो पुण्याला जाऊन आला. मॅडमनी त्याला दोनदा विचारलं म्हणे, नक्की ऐकायचंय का. तो ज्या वेलाचा कागद स्वतः काढून बसला होता तो त्याला वाचता येत होताच, त्यामुळे तिसऱ्यांदा विचारायची गरज उरली नाही. त्यानंच विचारलं, दगड माझ्या वाट्याला आलाय का? मॅडम म्हणाल्या, आलाय, दगड म्हणजे झरा नव्हे, पण शेजार फार जवळचा आहे.

पुढच्या रविवारी तो मला घेऊन सखूकाकीकडे गेला. धोंडूची बायको, रामाची आई. ही बाई किसनला कधी नावानं हाक मारत नसे, "भागाच्या" म्हणायची. त्याच्या घरी कधी जेवायला बसायची नाही, पाणीसुद्धा घ्यायची नाही, आणि घरात भांडण असेल म्हणून कुणी त्यावर फार विचार केला नव्हता. ती सुपात नाचणी पाखडत होती. किसन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकी, मी कुनाचा?"

"भागाचा," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"काकी, रगतानं सांगितलंय."

सूप थांबलं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "रगताला कुनी इचारलं व्हतं?" म्हणाली. त्या प्रश्नाचं उत्तर मी होतो. मग तिनं हळूहळू सांगितलं. थोरल्या जावेची तीन मुलं जन्मताच गेली होती. चौथ्या खेपेला दोघी जावा एकदमच गरोदर होत्या, थोरलीचं मूल पोटातच गेलं आणि हिला आठवड्यानं मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी चौघांनी देवापुढं ठरवलं आणि पोर थोरलीच्या ओटीत घातलं. एकदा ओटीत घातलं की तोंडानं बोलायचं नाही, नावानं हाक मारायची नाही, त्याच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बोललं तर पोर परत मागितल्यासारखं होतं आणि देव ते दोन्हीकडून नेतो. चौघांतलं एक जरी जिवंत असलं तरी शब्द पाळायचा. "म्या बत्तीस वर्सं तोंड शिवलं," म्हातारी म्हणाली, "आन् तू सुईनं उसवलंस, किसन." तिनं त्याला नावानं हाक मारलेली मी तेवढीच एकदा ऐकली. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच तिला शब्द दिला की हे वाडीत कुणाला कळणार नाही. उठताना माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली.

शब्द त्यानं नेमका पाळला. पुण्याला पाठवायच्या कागदावर त्यानं एकतीस नंबर भागाजीच्या फांदीवरून काढून धोंडूच्या फांदीवर लावला, कारण खोटा वेल विज्ञानाला द्यायचा नाही असं त्याचं म्हणणं. वाडीतल्या कागदावर मात्र तो होता तिथंच राहिला. पुण्याच्या कागदाची एक प्रत आणि वाडीतला कागद गुंडाळून त्यानं शेतातल्या पीव्हीसी पाइपाच्या एका तुकड्यात घातले, दोन्हीकडून टोपणं लावली आणि पाइप माळ्यावर टाकला. काही वर्षांनी मॅडमचं पत्र आलं. त्या दगडाच्या शेजारचा झरा सापडला होता. किसननं पत्र वाचून एकच प्रश्न विचारायला सांगितला, औषध? मी फोन केला. अजून नाही, असं उत्तर आलं. आजही तेच उत्तर आहे.

सखूकाकीकडून आलो त्या दिवसापासूनच तो रोज सकाळी शाळेला जायच्या आधी आपल्या खाचराच्या बांधावर चालायला लागला. अंगठ्याला टाच, अंगठ्याला टाच, शंभर पावलं. लोकांना वाटलं गुरुजींनी व्यायाम सुरू केला. अश्विनी थोडी मोठी झाली तशी तीही त्याच्याबरोबर चालायची, पुढं ती आणि मागं तो, दोघं मोठ्यानं आकडे म्हणत. मी कधी मुक्कामाला गेलो की ते बघायचो. या आजारात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते, म्हणून दुसरं मूल त्यानं होऊ दिलं नाही. वहिनींना काय कारण सांगितलं कोण जाणे. मध्यंतरी धोंडू गेला, मग रामा गेला, भागाजी आणि त्यांची बायको म्हातारपणानं गेली. आणि एका सकाळी त्याचा मला फोन आला. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. "भाऊ, आज सदुसष्टला पाय गेला," म्हणाला. "बांध वला असंल," मी म्हटलं. "बांध सुका हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. फळ्यावरची अक्षरं वाकडी व्हायला लागली, मग पाय, मग जीभ. शाळेत तक्रार गेली की मास्तर पिऊन येतात. कुणाला धोंडूच्या घराची आठवण झाली नसेल असं नाही, पण ती शंका लगेच विझायची, कारण खुद्द गुरुजींनीच ओट्यावर बसवून शिकवलं होतं, ज्याच्या आईबापाला नाही त्याच्या पोराला येत नाही. मग उरली दारू. वहिनी बिचाऱ्या सगळ्यांना शपथेवर सांगायच्या, आमचं मानूस पीत न्हाई. लोक म्हणायचे, कोणती बायको वेगळं सांगेल? त्यानं मुदतीआधी नोकरी सोडली. मी त्याच्याशी भांडलो. एक शब्द बोल, म्हटलं, मी बोलतो, मॅडमचा कागद दाखवतो. तो म्हणाला, काकी जिती हाय. मी म्हटलं, तुझ्या काकीच्या शब्दापायी तू दारुडा म्हणून मरणार? तेव्हा त्यानं खरं कारण सांगितलं, घोळत, थांबत, एकेक शब्द ओढून काढत. "माझं नाव सांगितलं का... अश्विनीचा गोल... आपोआप आर्धा काळा व्हतो, भाऊ. ती सोळाची हाय. तिला आत्तापासून... रोज सकाळी पाय बघायला लावू? माझ्यावर चिडू दे तिला. चिडून मानूस जगतं."

आणि ती चिडलीच. ती शिकायला अवसरीला होती, वसतिगृहात राहायची, सुट्टीला घरी आली की कपाटामागं, धान्याच्या कणगीत बाटल्या शोधायची. मैत्रिणींना घरी आणत नसे. मला एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, काका, तुम्ही त्यांचे मित्र ना, मग सांगत का नाही त्यांना? मी काहीतरी पुटपुटलो. मला एक आठवडाभर कुणी नळी बदलणारा म्हटलं तर मी पुण्यापर्यंत धावलो होतो. हा माणूस नऊ वर्षं दारुडा म्हणवून घेत होता, पोटच्या पोरीकडून. आणि ज्या गोष्टीसाठी हे चाललं होतं ती उकरून काढणारा मी, शहाण्यासारखा लॅब चालवत होतो. मला स्वतःची लाज वाटायची. अजून वाटते. चार वर्षांपूर्वी काकी गेली तेव्हा मी परत म्हटलं, आता चौघांतलं कुणी नाही, आता तरी पोरीला सांग, लग्नाआधी तिला कळायला पाहिजे, तिला मुलं होतील उद्या. तो चूक वागतोय असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं. त्यानं तिला सांगितलं नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि तोवर त्याचं बोलणं कुणाला समजायचं बंद झालं होतं.

तेराव्यानंतर आठवडाभरानं अश्विनी लॅबमध्ये आली. काखेत तो पाइप. टोपणावर जाड मार्करनं, इकडे तिकडे पळणाऱ्या अक्षरांत, "अशू" लिहिलेलं. माळ्यावर सापडला, म्हणाली. तिनं दोन्ही कागद माझ्या टेबलावर पसरले, चारी कोपऱ्यांवर नळ्यांचे स्टँड ठेवले, आणि एकतीस नंबर एका कागदावर कुठं आहे आणि दुसऱ्यावर कुठं, तिथं दोन बोटं ठेवली. शिकलेली पोर. मला विचारायला आली नव्हती, वाचून आली होती. पुण्याच्या कागदाच्या प्रतीवर एकतीसचा चौकोन शाईनं काळा भरलेला होता. शाई रेषेबाहेर लांबवर गेली होती. पाय गेला त्याच्या पुढंमागं कधीतरी त्यानं स्वतःच भरला असणार, आपल्याच नियमानं. त्याखाली एक गोल, तिचा. तो कोराच होता, फक्त आत पेन्सिलीनं कसंबसं लिहिलं होतं, "हिचं हिनं." मी तिला सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. ती ऐकत राहिली आणि शेवटी एकच वाक्य बोलली. "झोपल्यावर मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे, काका." बाहेर लोक रिपोर्टसाठी थांबले होते. मी उठून दार लावून घेतलं आणि आम्ही दोघंही रडलो.

आता तपासणी होते. एक नळी रक्त, काही आठवडे, आणि हो किंवा नाही. तिनं अजून काही ठरवलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एकदा विचारून बसलोय मी रक्ताला, पुरे झालं.

गेल्या रविवारी वाडीवर गेलो होतो. भात निघालंय, खाचरांत नुसती धसकटं, बांध कोरडे ठणठणीत. वहिनींनी चहा दिला. किसनची वही, चष्मा, शाळेची पिशवी, सगळं खुंटीला होतं तसंच होतं. अश्विनी म्हणाली, चला काका, जरा जाऊन येऊ, आणि मला खाचराकडे घेऊन गेली. बांधाच्या टोकाशी तिनं चपला काढल्या. "बाबा मला कायम पुढं ठेवायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी पडले तर धरायला मागं आहेत."

"तेही होतंच," मी म्हणालो.

तिनं अंगठ्याला टाच लावली. एक. दोन. मग थांबून, मागं न वळता म्हणाली, "तुम्ही मागून या ना."

मी चपला काढल्या आणि किसनच्या जागेवर उभा राहिलो. समोर डोंगर होता, नजर तिथं ठेवायची असं मी ठरवलं होतं, आणि नऊ पावलांपर्यंत ठेवलीही. दहाव्याला ती खाली तिच्या पायांवर गेली आणि शंभरापर्यंत मला ती वर उचलता आली नाही.